वीजवाल्याच्या घरचा धूर

लाक-ब्रोशे गावात वीज आणली ती एल्फेज ब्वाक्लेरनं, असं एल्फेजचं स्वतःचं म्हणणं होतं. वास्तविक वीज आणली सरकारनं, खांब रोवले परगावच्या मजुरांनी, आणि एल्फेजला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. तो त्या मजुरांना चहाची किटली नेऊन द्यायचा. पण पुढे तो वायरमन झाला, गावातल्या एकूण एक घराच्या भिंतीतून त्याच्या हातची तार गेली, आणि किटलीचा भाग त्याच्या बोलण्यातून हळूहळू गळून पडला.

माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी फ्यूज उडाला तर जेवणाच्या ताटावरून उठून जायचा. फक्त त्याला वाटायचं की लोकांनी त्याच्याकडे बघितलं की त्यांना वीज आठवावी. आणि बोलायला लागला की थांबायचा नाही.

त्याची आई तो लहान असतानाच गेली. आईची बहीण एक्झिल्दा, तिनं त्याला आपल्या दोन मुलांबरोबर वाढवलं. तिच्या स्वयंपाकघरात बिडाची मोठी चूल होती, जाड पायांची, भट्टीच्या दाराला एका कोपऱ्यात चीर गेलेली. एल्फेज त्या चुलीमागच्या बाकावर झोपायचा. थंडीत सगळ्यांच्या आधी उठून बर्चच्या झाडाच्या सालीनं ती पेटवायचं काम त्याचं. बोटं बधिर, डोळ्यांत धूर, आणि साल ओली निघाली तर वरून मावशीच्या मुलांची बोलणी. त्या चुलीवर त्याचा जन्माचा राग होता. शाळेतून आल्यावर ओले मोजे वाळत घालून तिच्याच उबेला तो पाठ टेकून बसायचा, हेही तितकंच खरं. रागाबद्दल तो बोलायचा, उबेबद्दल कधी बोलला नाही.

उत्तरेकडे मोठमोठी धरणं झाली आणि वीज उदंड झाली, तेव्हा सरकारनं सांगितलं, घरंसुद्धा विजेवर गरम करा. एल्फेजला जणू पंखच फुटले. तो दारोदार जाऊन सांगायला लागला, "धूर नाही, राख नाही, लाकडं फोडायला नको. भिंतीवरची कळ फिरवा, घरात जुलै महिना, भर उन्हाळा." भिंतीच्या पायथ्याशी हीटर बसवले की तो जुनी चूल उचलून बाहेर काढायचा आणि धुरांड्याच्या तोंडावर पत्रा ठोकून सिमेंट लिंपायचा, म्हणजे वरून गार वारा यायला नको. चुली भंगारात गेल्या. एखाद्या बाईनं डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला, तर एल्फेज हसून म्हणायचा, "वहिनी, मयत चुलीचं आहे, नवऱ्याचं नाही." आठ-दहा वर्षांत फादरचं घर, शाळा, सभागृह, सगळं विजेवर आलं. गावात एकाही घरावर धूर दिसेना. एल्फेज टेकडीवर गाडी थांबवून पाहुण्यांना ते दाखवायचा.

फक्त एक्झिल्दा मावशी ऐकत नव्हती.

"अरे, ही चूल कुणाचं काय खाते?" ती म्हणायची.

"मावशी, लोक मला हसतात. वीजवाल्याची मावशी लाकडं फोडते म्हणतात."

"हसू देत. दात दिसतात, थंडी कमी वाजते."

दोन हिवाळे तिनं असे काढले. तिसऱ्या वर्षी मात्र एल्फेज खरोखरच रागावला, तिच्याकडे जाईनासा झाला, आणि मग म्हातारीनंच फोन करून सांगितलं, "ये बाबा, ने ती चूल. चुलीपेक्षा तू बरा." नवरा केव्हाच वारलेला, मुलं दोन्ही माँट्रियलला गेलेली, एकुलता एक आधार हा भाचा. तो गेला, हीटर लावले, चूल गाडीत घातली, धुरांडं बंद केलं.

आणि भंगारवाल्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दाराच्या कोपऱ्यातली ती चीर दिसली आणि त्याचा हात उचलेना. मेव्हण्याला बोलावून त्यानं ती चूल आपल्या घराच्या तळघरात उतरवली. मावशीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "गेली भंगारात. उतरवतानाच तिचे दोन तुकडे झाले." मावशी म्हणाली, "बरं." एवढंच.

चूल तळघरात होती, घरचं जुनं धुरांडंही तिथूनच वर जात होतं; स्वतःचं लिंपायचं मात्र राहूनच गेलं होतं. जोडून बघू, म्हणून त्यानं नळी जोडली. पेटवून बघू, म्हणून पेटवली. मग त्याला चटक लागली. बाहेर दाट बर्फ पडत असलं की तो खाली जाऊन चूल पेटवायचा आणि पाठ टेकून बसायचा. आभाळ स्वच्छ असलं की मात्र काडीसुद्धा ओढायचा नाही, कारण धूर दिसला असता. लाकडांचा ढीग कुणी पाहिलाच तर "शिकारीच्या झोपडीसाठी" म्हणून सांगायचा. त्याची बायको फ्लोरांस म्हणायची, "काय हा माणूस! आपल्याच घरात चोरासारखा शेकत बसतो." आणि तीही स्वेटर विणायला खाली जाऊन बसायची.

अशी चार वर्षं गेली. मग तो एकोणनव्वद सालच्या मार्चमधला सोमवार आला.

सकाळी एल्फेज जागा झाला तो गारठ्यानं. खोलीत तोंडातून वाफ निघत होती. हीटर गार, घड्याळ बंद. त्यानं फ्यूजचा बोर्ड पाहिला, तिथं सगळं ठीक. तेवढ्यात फोन वाजला, आणि मग वाजतच राहिला. वीज गेली तरी फोन चालू होते, त्यामुळे अख्खं गाव त्याच्या कानाशी येऊन बसलं.

"एल्फेज, आमच्याकडं वीज नाही."

"माहीत आहे. सबस्टेशनात काहीतरी झालंय. तासाभरात येईल."

हे तो मनानंच सांगत होता. वीज कंपनीचा फोन लागतच नव्हता. पण त्याचा आवाज ठाम होता आणि लोकांना ठाम आवाज पुरतो.

फ्लोरांस दोन स्वेटर आणि कोट घालून उभी होती. "एल्फेज, खाली चूल पेटव. आणि मावशीला घेऊन ये."

एल्फेजनं खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ कसं निळंशार, पुसून ठेवल्यासारखं. वाऱ्याचा मागमूस नाही. अशा हवेत धूर काठीसारखा सरळ वर जातो आणि तळ्याच्या पलीकडूनही दिसतो.

"थांब जरा," तो म्हणाला. "येईलच तासाभरात."

"येईल तेव्हा येईल. त्र्याऐंशी वर्षांची बाई आहे ती. छातीचं दुखणं आहे तिला."

"मी फोन करतो तिला."

त्यानं केला. मावशीनं उचलायला वेळ लावला. "मी बरी आहे रे," ती म्हणाली. "तुझ्या काकांचा लांब कोट घातलाय, वर तीन पांघरुणं. तू आधी पोराबाळांची घरं बघ." मग म्हणाली, "काल संध्याकाळी आभाळात बाहुल्या नाचत होत्या, पाहिल्यास का? हिरव्या नव्हेत, लालभडक. एवढ्या लाल मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी होणार."

उत्तरेच्या आकाशातल्या त्या हलत्या उजेडाला आमच्याकडे बाहुल्या म्हणतात. एल्फेज हसला. "मावशी, बाहुल्या नाचल्यानं तारा तुटत नसतात."

"नसतील बाबा. तुला जास्त कळतं."

ती बरी आहे म्हणाली आणि त्यानं ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. फ्लोरांसला त्यानं सांगितलं, "ती मजेत आहे." फ्लोरांसनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यापासून सुटका करून घ्यायला तो गाडी काढून गावात निघाला.

गावात सगळी घरं आतून गोठत चालली होती. बेर्नादेतनं आपलं तान्हं बाळ स्वतःच्या कोटाच्या आत घेऊन बटणं लावली होती. फादरनं सभागृह उघडून दिलं होतं, पण सभागृहही विजेवरच, तिथं बाहेरपेक्षा जास्त गारठा. जिथं जाईल तिथं एल्फेज फ्यूजची कपाटं उघडायचा, बोर्डावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "तुमचं काही बिघडलेलं नाही. तासाभरात येईल." पहिल्यांदा लोकांनी मान हलवली. दुसऱ्यांदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा लिओनिदासनं त्याला धरलंच.

लिओनिदास गोद्रो म्हणजे तळ्याकाठचा गॅरेजवाला, एल्फेजचा शाळेपासूनचा दोस्त आणि तोंडाचा फटकळ.

"काय रे, जुलै महिना कुठं अडकला?" त्यानं विचारलं. "माझ्या घरात तर जानेवारी सोफ्यावर पाय पसरून बसलाय."

"येईल आता."

"चूल होती रे माझ्याकडं. माझ्या बापाची. तूच हातोडा मारलास तिच्यावर, आठवतंय? वर म्हणालास, लिओ, तुझं तारुण्य परत आलं." तो हसत होता, पण ओठ फुटून त्यावर रक्त आलेलं होतं. "ये, गाडीत बस. रेडिओ तरी ऐकू. गाडीचा हीटर अजून तुझ्या हाताला लागलेला नाही."

दोघं लिओनिदासच्या गाडीत बसले. रेडिओवरचा माणूस अडखळत बोलत होता, त्यालाही जे सांगायचं होतं त्यावर विश्वास बसत नसावा. एक गाव नाही, अख्खा प्रांत अंधारलाय, साठ लाख माणसं. आणि कारण सूर्य. सूर्यावर मोठा भडका उडाला होता, त्याचा झोत पृथ्वीवर येऊन आदळला आणि पृथ्वीचं चुंबकत्व हादरलं. इथं उत्तरेत पायाखाली सगळा जुना कठीण खडक, त्यातून वीज वाहत नाही. म्हणून जमिनीत उठलेला तो प्रवाह धरणांपासून येणाऱ्या हजार किलोमीटरच्या तारांत शिरला. लाइनी एकीमागून एक आपोआप बंद पडल्या. दीड मिनिटात सगळं संपलं. परत कधी सुरू होईल, ते सांगता येत नाही.

"म्हणजे सबस्टेशन नाही," लिओनिदास म्हणाला.

एल्फेजला मावशीच्या लाल बाहुल्या आठवल्या. म्हातारीनं संध्याकाळी खिडकीतून जे पाहिलं होतं, त्याच भडक्याचा तो उजेड होता. तिनं सांगितलं आणि तो हसला होता. आणि सकाळपासून त्यानं वीस घरी सांगितलं होतं, तासाभरात येईल. लोक त्याच्या शब्दावर थंडीत बसून राहिले होते; शेजारच्या गावात चूल असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे गेले असते, तेही गेले नव्हते.

आणि तळघरात चूल होती. लाकडं होती. हे सगळ्यात वाईट. त्याचा अडाणीपणा लोकांनी माफ केला असता. सूर्याचं कुणाला कळलं होतं? पण ऊब घरात असून त्यानं ती झाकून ठेवली होती, आणि कशासाठी, तर कुणी धूर पाहू नये म्हणून.

"लिओ, मला मावशीकडे जायचंय," तो म्हणाला.

"अजून गेला नाहीस तू?" लिओनिदासनं इतक्या साधेपणानं विचारलं, की त्याला टोमणा म्हणता आलं नसतं. एल्फेजला वाटलं, टोमणा असता तर बरं झालं असतं. तो उतरून आपल्या गाडीत जाऊन बसला.

मावशीनं दाराला कडी लावली नव्हती. बहुतेक सकाळपासून ती वाट बघत असावी. खाटेवर तिन्ही पांघरुणांखाली ती बसलेली होती, काकांच्या कोटाची कॉलर कानापर्यंत वर केलेली. ती कुडकुडत नव्हती. एल्फेजला इतकं नक्की माहीत होतं की कुडकुडणं थांबलं म्हणजे माणूस हातचा जातो आहे. तिचे ओठ निळसर झाले होते. डोळे उघडे, पण त्याच्यावर स्थिरावत नव्हते.

"मावशी, मी आलो."

"साल ओली आहे," ती जड जिभेनं म्हणाली. "पेटत नाही. त्याला बोलू नका, साल ओली आहे."

ती आपल्या मुलांना सांगत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची कुठली तरी सकाळ तिच्या डोळ्यांपुढे होती, आणि त्या सकाळी तो चुलीपाशी उकिडवा बसलेला होता, आणि ती त्याची बाजू घेत होती. एल्फेजला रडू आलं. त्यानं तिला पांघरुणांसकट उचललं. काहीच वजन नव्हतं तिला. स्वयंपाकघरातून जाताना, जिथं चूल असायची तिथल्या भिंतीवर त्यानंच लावलेला पांढराशुभ्र हीटर दिसला. त्यावर तिनं विणलेला लेसचा रुमाल अंथरला होता.

गाडी वळणावर आली आणि त्याला स्वतःचं घर दिसलं. घराच्या धुरांड्यातून धूर निघत होता. पांढरा, दाट, सरळ वर. फ्लोरांसनं चूल पेटवली होती. त्याला विचारलं नव्हतं, त्याची वाट पाहिली नव्हती. रस्त्यावर माणसं होती, आणि सगळी त्याच्या घराच्या दिशेनं चालली होती. बेर्नादेत कोटाच्या आत बाळ घेऊन, फादर एका म्हाताऱ्याला धरून. वीजवाल्याच्या घरी धूर निघतोय हे आता तळ्याच्या पलीकडेही कळलं होतं. निदान चूल पेटवण्याचं पुण्य तरी त्याच्या पदरी यायला हवं होतं, पण तेही राहिलं नाही.

तो मावशीला घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरला तेव्हा खाली पंधरा-वीस माणसं उभी होती. चूल लाल झाली होती, वर वाटाण्याच्या सुपाचं पातेलं उकळत होतं. लोकांनी वाट करून दिली. फ्लोरांसनं खुर्ची अगदी चुलीजवळ सरकवली, मावशीचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चोळायला लागली.

"घाई नको, हळूहळू," फादर म्हणाले.

लिओनिदास भिंतीला टेकून उभा होता. त्यानं चुलीकडे पाहिलं, नीट रचलेल्या लाकडांकडे पाहिलं, मग एल्फेजकडे. "शिकारीच्या झोपडीची लाकडं वाटतं ही?" तो म्हणाला. "अस्वलं बरीच शेकत असतील नाही तिथं."

दोघं-तिघं हसले. एल्फेजही हसायला गेला, पण तोंड वाकडं झालं. त्याला वाटलं, लोकांनी शिव्या द्याव्यात, कुणीतरी कॉलर धरावी. कुणी धरली नाही. उलट बेर्नादेत त्याच्यापाशी आली. बाळाचे गाल आता लाल झाले होते. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली, "तुमच्यामुळे हे वाचलं." ती मनापासून म्हणत होती. बाळ तीन महिन्यांचं होतं आणि सकाळपासून एल्फेजनं तिच्या घरी जाऊन दोनदा सांगितलं होतं, तासाभरात येईल. एल्फेजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लाकडं आणायच्या निमित्तानं कोपऱ्यात गेला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला.

मावशी हळूहळू कुडकुडायला लागली. फ्लोरांस म्हणाली, "आता चांगलं आहे, कुडकुडू दे." तिला चमच्यानं सूप भरवलं. ओठांना रंग आला. मग तिचे डोळे स्थिर झाले आणि तिनं समोर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. भट्टीच्या दाराची ती चीर तिच्या बरोबर समोर होती. तिनं हात पुढे करून, चटका न बसता धरायची जागा तिला ठाऊक होती तिथं, दाराच्या मुठीला बोट लावलं.

गावातल्या बायकांनी ती चूल ओळखली होती, कितीतरी नाताळची जेवणं तिच्यावर शिजली होती.

"भंगारवाल्यानं छान जपलीय हो," मावशी म्हणाली.

या वेळी कुणीही हसलं नाही.

दुपार उलटून गेल्यावर वीज आली. वरच्या मजल्यावरचे हीटर तापताना टकटक आवाज करायला लागले. एरवी असं झालं की एल्फेज हात पसरून म्हणायचा, "बघा!" आज तो खाली मान घालून राख काढत होता. माणसं एकेक करून निघाली. प्रत्येकानं जाताना त्याचे आभार मानले, प्रत्येकानं हात मिळवला, आणि त्याला प्रत्येक हात वेगळ्या ओझ्यासारखा वाटला. लिओनिदास शेवटी गेला. पायरीवरून वळून म्हणाला, "माझं धुरांडं उघडायला कधी येतोस?"

"उद्या," एल्फेज म्हणाला.

"फुकट रे."

"फुकट."

तळघरात तिघंच उरली. फ्लोरांस पातेलं घेऊन वर गेली, मुद्दामच गेली असावी. एल्फेज मावशीच्या खुर्चीपुढे खाली जमिनीवर बसला. पोरवयात बसायचा तसा, पण तेव्हा पाठ चुलीला असायची आणि तोंड मावशीकडे. आता त्याला तिच्याकडे तोंड करून बसवेना.

"मावशी, मी तुझ्याशी खोटं बोललो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. बिडाची चूल उतरवताना तुटते होय? आणि बर्फ पडायला लागलं की तुझ्या कपड्यांना बर्चच्या धुराचा वास यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, माझ्याकडची ऊब याला सांगायची लाज वाटते, पण सोडवत तर नाही. तेवढं पुरे."

एल्फेजनं तोंड दोन्ही हातांत लपवलं. मग म्हणाला, "उद्याच तुझं धुरांडं फोडतो. चूल परत तुझ्या जागी लावून देतो."

"नको रे. मी आता कुठं लाकडं फोडणार? राहू दे इथंच." ती थकली होती, शब्दाशब्दाला थांबत होती. "फक्त एक कर. पुन्हा असं झालं तर मला फोन करून विचारू नकोस बरी आहेस का म्हणून. मी बरी आहे असंच म्हणणार. मला तशीच सवय आहे. तू विचारू नकोस, येऊन घेऊन जा."

एल्फेजनं मान हलवली. वर बघायची त्याची छाती झाली नाही. तिच्या पायांवरचं पांघरूण सरकलं नव्हतं, तरी तो ते पुन्हा पुन्हा सारखं करत राहिला.